ताळा जमला पाहिजे

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर आजचा विषय छापला आहे 'बेसबॉलचा हंगाम आणि रोजचं जगणं'. त्यावर मी येणारच आहे. पण आधी एका वस्तूबद्दल बोलू द्या, कारण मला वाटतं त्या विषयाची किल्ली त्या वस्तूतच आहे. ती वस्तू म्हणजे स्कोअरकार्ड, सामन्यातली प्रत्येक घटना हाताने नोंदवायचा कागद, आणि सोबत खोडरबर लावलेली पेन्सिल.

मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या बेसबॉलचा, प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. तिच्या दोन भागांपैकी अमेरिकन लीगमध्ये हे १९६१ पासून चालू आहे, नॅशनलमध्ये १९६२ पासून. मार्चच्या शेवटापासून सप्टेंबर संपेपर्यंत, आठवड्यातले जवळजवळ सहा दिवस. आपण इथे बसलेले सगळे हे सामने मनापासून बघतो, आणि तरीही ऑगस्ट उजाडला की जूनमधला मंगळवार कुठला आणि जुलैमधला शुक्रवार कुठला, हे सांगता येत नाही. निकाल फोनवर सापडतो. चौथ्या इनिंगमध्ये एक आउट असताना आपल्या हाताने लिहिलेलं '६-४-३', म्हणजे एकाच चेंडूवर दोघे बाद झाल्याची, डबल प्लेची खूण, मात्र फोनवर सापडत नाही. जो हाताने लिहितो, त्याचा प्रत्येक सामना सुटा राहतो. माझं एवढंच म्हणणं आहे, पण ते मी जरा सविस्तर मांडणार आहे.

क्षेत्ररक्षकांचे आकडे तुम्हाला पाठ आहेत. पिचर १, कॅचर २, मग फर्स्ट, सेकंड, थर्ड बेस ३, ४, ५, शॉर्टस्टॉप ६, आणि आउटफिल्ड डावीकडून ७, ८, ९. नवीन माणूस पहिला प्रश्न विचारतो तो शॉर्टस्टॉपचा. तो सेकंड आणि थर्ड बेसच्या मधे उभा, मग त्याला ५ का नाही? कारण खेळाच्या सुरुवातीच्या काळात त्याची जागा पक्की नव्हती. तेव्हाचा चेंडू हलका, आउटफिल्डमधून थेट आत पोचायचा नाही. मधे उभं राहून फेक पुढे ढकलणारा माणूस म्हणजे शॉर्टस्टॉप. म्हणून आधी तीन बेसवाले मोजले आणि मग हा. पुढे चेंडू बदलला, माणूस आत येऊन स्थिरावला, आकडा तोच राहिला. ही सगळी लिपी रुजवण्यात हेन्री चॅडविक यांचा वाटा सगळ्यात मोठा. जन्म १८२४ चा, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, आणि हे आपल्याला विशेष जवळचं वाटावं, बातमीदारीची सुरुवात क्रिकेटपासून. स्ट्राइकआउटला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्याला, 'के' लिहितात तेही त्यांच्याच पद्धतीतून आलं. 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर 'के', आणि कानात ठसतं तेही तेच. बॅटरने बॅट न फिरवता तिसरा स्ट्राइक सोडला, तर तो 'के' उलटा लिहायचा. एका अक्षराच्या तोंडावरून तुम्हाला कळतं की माणूस फसून फिरला की बघत राहिला.

आता एक प्रश्न तुम्हाला. एका इनिंगमध्ये एका पिचरला जास्तीत जास्त किती स्ट्राइकआउट मिळू शकतात? तीन म्हणणाऱ्यांनी हात वर करा. बरं, आता ते हात खाली घ्या. फर्स्ट बेस रिकामा असेल किंवा दोन आउट झाले असतील, आणि तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातात स्वच्छ बसला नाही, तर बॅटर पळू शकतो. तो पोचला तर पिचरच्या नावावर स्ट्राइकआउट लागतो, पण आउट लागत नाही. म्हणून चार होतात, पाचही होऊ शकतात. कार्डावर 'के' लिहायचा आणि त्याच चौकटीत फर्स्ट बेसपर्यंत रेघ ओढायची. पहिल्यांदा हे लिहिताना हात थबकतो. थबकू द्या, पण लिहा.

प्रत्यक्ष कृती सांगतो. दोन पानं घ्यायची, पाहुणा संघ डावीकडे. प्रत्येक बॅटरला एक ओळ, आणि त्याच्या खाली बदली खेळाडूसाठी दोन ओळी मोकळ्या. प्रत्येक इनिंगला एक रकाना. चौकटीचा खालचा कोपरा होम प्लेट, उजवा फर्स्ट, वरचा सेकंड, डावा थर्ड. बॅटर जिथवर गेला तिथवर रेघ. पुढच्या बॅटरमुळे तो सरकला, तर त्या कोपऱ्याजवळ त्या बॅटरचा क्रमांक. धाव झाली की चौकोन भरून काळा करायचा. आउटचा क्रमांक गोलात. इनिंग संपली की शेवटच्या बॅटरच्या चौकटीखाली तिरकी रेघ. ही तिरकी रेघ विसरणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण पुढची इनिंग चुकीच्या ओळीपासून सुरू होते आणि ते लक्षात येईपर्यंत चार बॅटर होऊन जातात. नवीन पिचर आला की त्याच्या पहिल्या बॅटरच्या चौकटीवर आडवी रेघ, बदली बॅटर आला की डावीकडे उभी. एकाच इनिंगमध्ये नऊच्या नऊ बॅटर येऊन गेले तर पुढचा रकाना वापरायचा आणि वरचे आकडे बदलायचे. म्हणून इनिंगचे आकडे आधीपासून शाईने लिहून ठेवू नका.

शाई कुठेच नको. २ जून २०१० ला डेट्रॉइटमध्ये आर्मांडो गालारागाने सव्वीस बॅटर सलग बाद केले. सत्ताविसाव्याचा चेंडू फर्स्ट बेसमनने अडवला, फर्स्ट बेसवर धावत आलेल्या गालारागाकडे फेकला, पाय बेसवर. कार्डावर '३-१' लिहायचं आणि परफेक्ट गेमचा, म्हणजे समोरचा एकही बॅटर बेसवर न पोचलेल्या सामन्याचा, शेवटचा गोल काढायचा. पंच जिम जॉइस यांनी मात्र सेफ दिलं. नंतर चित्रफीत बघून त्यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली, आणि दुसऱ्या दिवशी गालारागा स्वतः संघाची यादी घेऊन त्यांच्याकडे गेला. नोंद आजही हिट अशीच आहे. तशी नोंद करायची तर आधी '३-१' खोडावं लागतं, आणि त्या खोडल्याची खूण कागदावर राहते. निकालांच्या यादीत ती खूण कुठून दिसणार?

वेग आता वाढला आहे, हेही लक्षात घ्या. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलं. बेस रिकामे असताना १५ सेकंद, आणि धावपटू असताना आधी २० होते, २०२४ पासून १८. सामन्याचा सरासरी वेळ तीन तासांच्या थोडा पुढे होता, तो दोन तास चाळीस मिनिटांवर आला. पूर्वी दोन पिचच्या मधे माणूस चेंडू कुठे गेला, कोणी सरकवला, सगळं सावकाश लिहायचा. आता प्ले चालू असताना फक्त आकडे टिपा आणि रेघा इनिंगच्या मधल्या वेळात ओढा.

आता ताळा. याच्यासाठीच मी आज बोलायला उभा आहे.

शाळेत बेरजेचा ताळा करायचो, तसा स्कोअरकार्डचाही होतो, आणि तो अधिकृत नियमांत लिहिलेला आहे. संघाचे जेवढे बॅटर प्लेटवर येऊन गेले, म्हणजे ॲट-बॅट (बॅटरच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या), वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस), अंगाला चेंडू लागलेले, सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढे सरकवणारे), अडथळ्यामुळे बेस मिळालेले, सगळे मिळून जी संख्या येते, ती त्या संघाच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले खेळाडू आणि समोरच्या संघाने केलेले आउट यांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. समजा ३८ बॅटर आले. पाच धावा, सहा अडकले, सत्तावीस आउट. पाच अधिक सहा अधिक सत्तावीस, अडतीस. जमलं. घरचा संघ आघाडीवर असेल आणि त्याने नववी खेळलीच नाही, तर सत्तावीसच्या जागी चोवीस धरा. प्लेटवर आलेल्या प्रत्येक माणसाचं काहीतरी होतंच. तो धाव करतो, अडकतो किंवा बाद होतो. चौथं काही नाही. त्यामुळे कार्डावर एकही माणूस हरवू शकत नाही.

एकाचा फरक आला तर कुठे शोधायचं? आधी डबल प्ले बघा, दुसऱ्या आउटचा गोल राहिलेला असतो. मग चोरी करताना, म्हणजे फटक्याशिवाय पुढच्या बेसकडे धावताना, पकडलेला धावपटू. आणि तिसरी जागा अगदी फसवी. दोन आउट असताना बॅटरने चेंडू मारला आणि क्षेत्ररक्षकाने सेकंड बेसवर दुसऱ्याला बाद करून इनिंग संपवली. तर तो बॅटर अडकलेल्यांत मोजायचा. फर्स्ट बेसवर पोचण्याआधी इनिंग संपली म्हणून लोक त्याला सोडून देतात, आणि फरक नेमका तिथे पडतो.

आणि आता माझी तक्रार. २०२० पासून दहाव्या इनिंगपासून सेकंड बेसवर एक धावपटू आयता उभा करतात. २०२३ मध्ये हा नियम कायमचा झाला, फक्त पोस्टसीझनला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, लागू नाही. सामना लवकर संपावा, पिचरचे खांदे वाचावेत, ही कारणं मला कळतात. पण ताळ्याचं काय झालं बघा. दहावी सुरू झाली, तीन बॅटर आले, तिघेही स्ट्राइकआउट. ताळ्याच्या डावीकडे, म्हणजे प्लेटवर आलेले, तीन. उजवीकडे धावा शून्य, आउट तीन, आणि सेकंडवर अडकलेला एक. म्हणजे चार. तीन बरोबर चार! दीडशे वर्षांहून जुन्या वहीत एक माणूस असा आला, जो प्लेटवर आलाच नाही. प्रत्येक अर्ध्या इनिंगला एक जादा. त्याची धाव झाली तर ती पिचरच्या नावावर अर्न्ड, म्हणजे त्याच्या खात्यात मोजायची, धरत नाहीत, आणि एररही, म्हणजे क्षेत्ररक्षणातली चूकही, कोणाच्या नावावर नसतो. ती धाव निराधार लोंबकळते.

तो माणूस कोण, यातही गफलत होते. शेवटचा बाद झालेला, असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ते खरं असतं. पण शेवटचा आउट धावपटू चोरी करताना झाला असेल, तर प्लेटवरचा बॅटर पुढची इनिंग सुरू करतो आणि सेकंडवर त्याच्या आधीच्या क्रमांकाचा माणूस येतो.

ज्यांना वाटतं की लांबलेले सामने म्हणजे निव्वळ त्रास, त्यांना पॉटकेटची आठवण करून देतो. १८ एप्रिल १९८१, मॅकॉय स्टेडियम, पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, दोन्ही मेजर लीगच्या खालच्या पातळीचे, मायनर लीगचे संघ. बोचरी थंडी, वारा. नऊ इनिंगनंतर १-१. एकविसाव्यात रॉचेस्टरने धाव काढली, आणि त्याच इनिंगमध्ये वेड बॉग्जच्या डबलने पुन्हा बरोबरी. रात्री ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये, हा नियम नेमका पंचांकडच्या पुस्तिकेत नव्हता. खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेक घेतला. लीगचे अध्यक्ष फोनवर सापडेपर्यंत बत्तीस इनिंग झाल्या, घड्याळात चार वाजून सात मिनिटं, दुसऱ्या दिवशी ईस्टर, आणि स्टँडमध्ये १९ प्रेक्षक. २३ जूनला तेहेतिसावी इनिंग खेळली गेली. अठरा मिनिटांत डेव्ह कोझाच्या सिंगलवर मार्टी बॅरेट घरी आला, ३-२. एकूण आठ तास पंचवीस मिनिटं. रॉचेस्टरकडून सगळा वेळ थर्ड बेसला पुढे मेजर लीगमध्ये गाजलेला कॅल रिपकेन ज्युनियर. आता कार्ड डोळ्यांपुढे आणा. बारा रकान्यांचे तीन कागद शेजारी शेजारी चिकटवलेले. रॉचेस्टरच्या दोन धावा, नव्व्याण्णव आउट. पॉटकेटच्या तीन धावा आणि शहाण्णव आउट, कारण शेवटच्या अर्ध्यात एकही आउट झाला नाही. अडकलेले मिळवा, ताळा जमतो. तेहेतीस इनिंग होऊनही जमतो, आणि आज मात्र दहाव्यातच मोडतो.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. मूळ विषयाला सात-आठ मिनिटं उरली आहेत, तेव्हा भरभर सांगतो.

रोजच्या जगण्यात सामना हे एकक धरू नका, मालिका धरा. मालिका बहुधा तीन सामन्यांची, कधी चारची. तीनपैकी दोन जिंकले की त्या आठवड्यापुरतं पोट भरलं. २००१ मध्ये सिएटलने ११६ सामने जिंकले, हा अमेरिकन लीगचा विक्रम, आणि तरीही ४६ रात्री ते हरले. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ हरले, आणि तरीही ४१ जिंकले. हरलेल्या रात्री झोप घालवली तर सगळ्यात चांगल्या वर्षातही दीड महिना जागरण होईल.

सगळे १६२ बघायचा हट्ट नको. आवडत्या पिचरची पाळी पाचव्या-सहाव्या दिवशी येते, तो दिवस पूर्ण कार्डाचा. बाकीचे रेडिओवर. काम करताना ऐकता येतं आणि निवेदक चेंडू कुठे गेला ते शब्दांत सांगतो, त्यामुळे मान वर न करता लिहिता येतं.

गुणतक्ता मेअखेरपर्यंत रोज बघू नका. पिछाडी काढायची ती अशी. जिंकलेल्या सामन्यांतला फरक अधिक हरलेल्यांतला फरक, भागिले दोन. सप्टेंबरमध्ये मॅजिक नंबर काढा, म्हणजे पहिलं स्थान पक्कं व्हायला अव्वल संघाचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून अजून किती हवेत तो आकडा. १६३ मधून अव्वल संघाचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव वजा करा. २०२२ पासून बरोबरी झाल्यास जादा सामना होत नाही, आपसातल्या सामन्यांवर निकाल लागतो. तो हिशेब अव्वल संघाच्या बाजूने असेल तर आणखी एक वजा.

कोरी कार्डं दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत, पेन्सिलीही आहेत, घेऊन जा. उजव्या खालच्या कोपऱ्यात 'ठेवलेले धावपटू' अशी एक छोटी चौकट आखली आहे. दहाव्यापासून दर अर्ध्या इनिंगला त्यात एक रेघ मारा, त्या माणसाच्या ओळीतल्या चौकटीत सेकंड बेसपासून तुटक रेघ सुरू करा, आणि ताळ्याच्या वेळी कोपऱ्यातल्या त्या रेघा डाव्या बाजूला मिळवा. एकच सांभाळा. त्याच इनिंगमध्ये तो नववा बॅटर म्हणून प्लेटवर आला, तर त्याची चौकट आधीच भरलेली असेल, तेव्हा त्याला पुढच्या रकान्यात घ्या.