तिवरांच्या आतला बांध

(दृश्य: ठाण्याची खाडी, ओहोटी. कॅमेरा तिवरांमधून पुढे सरकतो.)

नवी मुंबईच्या पामबीच रस्त्यावरून जाताना खाडीच्या कडेची तिवरं पाहिली, की ही राई अनादी काळापासून इथेच असेल असं वाटतं. पण ओहोटीला आत शिरा. चिखलातून मातीचा एक उंचवटा सरळ निघालेला दिसतो. खाडीचं पाणी वळणं घेतं, सरळ रेघ ओढत नाही. हा माणसानं घातलेला बांध आहे, खारबंदिस्तीचा, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून आत शेती करण्यासाठीचा.

इथल्या आगरी शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी खाडीचाच चिखल थरावर थर रचून, चोपून हे बांध उभे केले. पावसानं आतल्या जमिनीतला खार धुऊन निघाला, की मोड आणलेलं भात चिखलात फोकायचं.

(दृश्य: उघाडीचं जवळून चित्रण.)

आणि ही उघाडी. बांधाच्या पोटातलं हे तोंड, त्याला खाडीच्या बाजूनं लाकडी झडप. भरती आली की पाणीच झडप दाबून धरतं. खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. दार उघडायला माणूस लागत नाही! इतकी नेमकी जाण खाडीशेजारी जन्म काढल्याशिवाय येत नाही.

बांधाला खांड पडली तर अख्खं गाव घमेली घेऊन धावायचं. पुढच्या भरतीच्या आत ती बुजवावीच लागे.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोची स्थापना झाली, जमिनी संपादित झाल्या. शेती थांबली तिथे बांधांची डागडुजीही थांबली. खांडींतून भरती आत आली, तिच्यासोबत तिवराचं बी आलं आणि रुजलं. युरोपात हजारो वर्षांपूर्वीचे मातीचे तट जंगलात टिकले, कारण तिथे नांगर फिरला नाही. आपले बांध तितके जुने नाहीत, पण त्यांनाही झाडांनीच सांभाळलं. तिवरांच्या मुळांनी माती धरून ठेवली. २००५ मध्ये उच्च न्यायालयानं कांदळवन, म्हणजे ही तिवरांची राई, तोडायला मनाई केली, तेव्हा आतल्या बांधांनाही आडोसा मिळाला.

आता कांदळवनाच्या नकाशावर या बांधांच्या, उघाड्यांच्या जागा मांडायला हव्यात. खांड बुजवायला धावलेली माणसं थकत चालली आहेत. करावे, दिवाळे, घणसोली या गावांत त्यांच्यापाशी बसून लिहून घ्यावं: कुठला बांध कुणी राखायचा, कुठल्या उघाडीच्या तोंडाशी जाळं लावायचं, कुठली खांड शेवटपर्यंत बुजलीच नाही.