काळा मोती: रंग कुठून येतो, पैसे कशाचे द्यायचे

(दृश्य: लगूनच्या पाण्यात दोरांना लटकलेले शिंपले)

'ताहितीचा काळा मोती' असं म्हणतात खरं, पण तो पिकतो ताहितीपासून दूर. दक्षिण प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात तुआमोतुची कंकणाकृती प्रवाळबेटं आहेत, गाम्बिए बेटं आहेत. मोत्यांची शेती चालते ती तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांनी वेढलेल्या समुद्राच्या पाण्यात. ताहितीतलं पापेएते शहर हे त्याचं व्यापारी ठाणं.

या मोत्याचा शिंपला पिंक्टाडा मार्गारिटिफेरा जातीचा. कवचाची आतली कड काळपट, म्हणून काळ्या ओठांचा शिंपला. एकोणिसाव्या शतकात मोत्यापेक्षा या कवचालाच जास्त गिऱ्हाईक होतं, कारण त्यातून युरोपातल्या कपड्यांची बटणं निघत. पाणबुडे दम रोखून तळ गाठायचे आणि शिंपले उपसून आणायचे. मोती हाती लागला तर नशीब. हा उपसा इतका झाला की कित्येक लगूनमध्ये शिंपले दुर्मिळ झाले. पुढे प्लास्टिकची बटणं आली आणि धंदाच बसला.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मत्स्यखात्यातले पशुवैद्य जाँ-मारी दोमार यांनी एका जपानी तज्ज्ञाला बोलावून या शिंपल्यावर कलमाचा प्रयोग केला. तो साधला, आणि मानिही बेटावर व्यावसायिक शेती उभी राहिली.

(दृश्य: कलम करणाऱ्याचे हात, जवळून)

कलम म्हणजे शस्त्रक्रियाच. शिंपला साधारण दोन-तीन वर्षांचा झाला की त्याची शिंप किंचित उघडून धरतात, जननग्रंथीला बारीकशी चीर देतात आणि आत एक गोल मणी बसवतात. हा मणी बहुधा अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातल्या गोड्या पाण्याच्या शिंपल्याच्या कवचातून घडवलेला असतो. त्याला लागून ठेवतात दुसऱ्या शिंपल्याच्या आवरणाचा (कवचाखालच्या मऊ पडद्याचा) एक इवलासा तुकडा. मणी नुसता बसून राहतो. सगळं काम या तुकड्याचं. तो वाढून मण्याभोवती पिशवी तयार करतो आणि पिशवी मण्यावर थरावर थर चढवते. मोत्याची छटाही बरीचशी याच तुकड्यावर ठरते. म्हणून तुकडा ज्याचा घ्यायचा, तो शिंपला निवडताना त्याच्या कवचाचे रंग निरखून पाहतात.

मग दीड ते दोन वर्षं वाट पाहायची. काही शिंपले मणी बाहेर टाकतात, काही मरतात. मोती उत्तम निघाला, तर त्याच पिशवीत आणखी मोठा मणी बसवून शिंपला पुन्हा पाण्यात सोडतात.

हा माल आपसूक खपला नाही. इतका गडद मोती अस्सल रंगाचा असेल यावर व्यापाऱ्यांचा विश्वास बसेना. १९७० च्या दशकात न्यू यॉर्कचे मोती व्यापारी साल्व्हादोर असाएल यांनी तो हॅरी विन्स्टन या नामांकित जवाहिऱ्याच्या दुकानात, हिऱ्यांच्या शेजारी, मांडायला लावला. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूटनं, म्हणजे रत्नं तपासणाऱ्या संस्थेनं, हा रंग नैसर्गिक असल्याचं मान्य केलं.

(दृश्य: पांढऱ्या कापडावर मोत्यांचे ढीग)

आता खरेदीकडे. ठार काळा मोती या ढिगात शोधूनही क्वचितच सापडेल. करडा, हिरवट, वांगी, चंदेरी, आणि सगळ्यांत जास्त भाव खाणारा मोरपंखी. कोरा करकरीत काळा, सगळे मोती एकसारखे आणि किंमत फारच कमी, असा सर दिसला तर आधी भोकाजवळ पाहा. रंगवलेल्या मोत्यात रंग तिथे साचलेला दिसू शकतो. अकोया या दुसऱ्या समुद्री शिंपल्याचे आणि गोड्या पाण्याचे मोतीही सिल्व्हर नायट्रेट या रसायनानं किंवा किरणोत्सर्गानं काळे करतात. ते विकण्यात गैर काही नाही, लपवून विकण्यात आहे. म्हणून बिलावर दोन गोष्टी लिहून घ्या: मोती कोणत्या शिंपल्याचा, आणि रंगावर प्रक्रिया झाली आहे का. रक्कम मोठी असेल तर प्रयोगशाळेचा दाखलाही हवा.

आमचं मत विचाराल तर आकारमानाच्या आधी पाणी, म्हणजे चमक, बघा. मोत्यात समोरच्या दिव्याची कड रेखीव दिसली पाहिजे. ती धूसर दिसली तर मोती मोठा असून उपयोग नाही. थर पातळ राहिला की चमकही मरू शकते. फ्रेंच पॉलिनेशियानं निर्यातीसाठी किमान ०.८ मिलिमीटर थराची अट घातली होती, ती याचसाठी. साधारणपणे हे मोती ८ ते १४ मिलिमीटरचे. त्यापुढे प्रत्येक मिलिमीटरला भाव झपाट्यानं चढतो. निर्दोष गोल मोती थोडेच निघतात, म्हणून महाग. वेडेवाकडे किंवा अंगावर वळी असलेले मोती त्यामानानं स्वस्त पडतात, आणि पाणी चांगलं असेल तर आम्ही तेच उचलू.

दुकानातल्या 'ट्रिपल ए'वर फार विसंबू नका. ताहितीच्या व्यापारात प्रतवारी ए ते डी अशी चालते. जास्तीचे ए विक्रेत्यानं आपल्या मनानं जोडलेले असतात.

सर घेतलात तर दोन मोत्यांमध्ये गाठ आहे ना, ते तपासा. दोरा तुटला तरी एखादाच मोती सुटतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. अत्तर, क्रीम आधी लावा, मोती शेवटी घाला. उतरवल्यावर मऊ कापडानं पुसा. दोरा सैल पडला की नव्यानं ओवून घ्या.