पुढचं प्रकरण पुढच्या शनिवारी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आठ-नऊ माणसं जमतात, एक कादंबरी उघडतात आणि तिचं एक प्रकरण मोठ्यानं वाचतात. एकच. नियमही एकच आहे, की पुढचं वाचून यायचं नाही. हा नियम सगळ्यांत जास्त वेळा मोडला तो आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी. ते पकडले कसे जातात, तर ते भांडत नाहीत. बाकीचे सगळे 'ती असं करणार नाही', 'अहो, करेलच' म्हणून हमरीतुमरीवर आलेले असतात आणि हे गृहस्थ चष्मा पुसत मिशीत हसत बसतात. पुढचं ठाऊक असलेल्या माणसाला वाद घालण्यात रस उरत नाही.

आता कुणी म्हणेल, हे काय नवीन? खरंच नवीन नाही. माझी आजी चातुर्मासात 'हरिविजय' लावायची. छत्तीस अध्याय. दुपारची जेवणं आटोपली की शेजारच्या चार बायका वाती वळत ऐकायला यायच्या. पोथी कितीही रंगात आली तरी अध्याय संपला की आजी ती रुमालात बांधून ठेवायची. 'अजून थोडं' म्हटलेलं तिला चालायचं नाही. पण पोथीकाराला काही लपवायचं नसतं. कृष्ण कंसाला मारणार हे ऐकणाऱ्या बाईला लहानपणापासून माहीत असतं. कादंबरीवाल्याची गोष्ट वेगळी. त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत तुम्हाला खुंटीला टांगून ठेवायचं असतं.

आणि हे 'पुढच्या आठवड्यापर्यंत' मी उगाच म्हणत नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः येऊ लागली. आज ती आपल्याला जाडजूड पुस्तक म्हणून भेटते, पण लिहिली गेली ती हप्त्याहप्त्यानं, अंकाच्या मापानं. कॉलेजात असताना ही कादंबरी मला अभ्यासाला होती. परीक्षेच्या आधी चार दिवसांत संपवायची म्हणून बसलो आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिली. पाल्हाळ फार, असं माझं ठाम मत झालं. सासरच्या बायकांची बोलणी, वाड्यातली भांडणं, मध्येच वाचकाशी गप्पा; मला वाटायचं, हा माणूस मुद्द्यावर येतो कधी!

शनिवारच्या वाचनात आम्ही तीच घेतली. सव्वा वर्ष लागलं. आणि त्या सव्वा वर्षात एकदाही कुणाच्या तोंडून पाल्हाळ हा शब्द आला नाही. माझ्याही नाही. सलग वाचताना जे लांबण वाटतं, तेच आठवड्यानं भेटलं की खुशालीसारखं वाटतं. आठ दिवसांनी माहेरची बाई आली तर ती काय लगेच मुद्द्यावर येते? आधी कोण कसं आहे, कोणाचं कुणाशी बिनसलं, हे सगळं होतं आणि मग जाताजाता, उंबऱ्यावर, खरी गोष्ट निघते. या कादंबरीची नायिका यमू आपली हकिकत स्वतःच सांगते, ती तशी बोलते. घाई मी करत होतो, कादंबरी नव्हे.

दुसरं एक झालं. आमच्यातल्या एका बाईंना जुनी वर्तमानपत्रं, जुने संदर्भ बघायचा नाद आहे. त्यांनी आठवण करून दिली की ही कादंबरी 'करमणूक'मध्ये चालू होती तेव्हाच, 1891च्या मार्चमध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा. पुण्यात त्यावरून रणं माजलेली. 'केसरी'तून टिळक विरोधात, 'सुधारक'मधून आगरकर बाजूनं. म्हणजे बघा, एकाच घरात ओटीवर पुरुषमंडळी कायद्यावर तावातावानं बोलतायत आणि त्याच घरात या अंकातून यमूच्या सासरची हकिकत येतेय. त्या वर्षीचा वाचक कादंबरी मिटून वर्तमानपत्र उघडत होता, की वर्तमानपत्र मिटून कादंबरी, हे त्याचं त्याला तरी सांगता आलं असतं का? सलग छापलेल्या पुस्तकात हा मधला आठवडा हरवतो. आपण तो परत घालू शकतो, निदान थोडासा.

यमूचं पुढे काय होतं, हे आमच्यातल्या बहुतेकांना माहीत होतं. वैधव्य, आणि बळजबरीनं केलेलं केशवपन. मला वाटलं होतं, शेवट माहीत असल्यावर प्रकरण-प्रकरण वाचण्यात मजा काय? झालं उलटंच. यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईत राहतात, तो तिला वाचायला-लिहायला उत्तेजन देतो, दोघांचं सुरेख जमतं, तो भाग आला तेव्हा खोलीत कुणी हसेना. एरवी यमूच्या सासरच्या दुष्ट शंकरमामंजींना भरघोस शिव्या देणारी आमची मंडळी त्या सुखाच्या प्रकरणांना गप्प बसायची. एका शनिवारी सगळ्यांत वयस्क काकू एवढंच म्हणाल्या, "या आठवड्यात अजून आहे ना तो?" नंतर बऱ्याच वेळानं त्यांनी त्यांच्या आजेसासूंबद्दल सांगितलं. विधवेच्या लाल आलवणातल्या, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसणाऱ्या. काकूंनी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी चर्चा तिथंच थांबली.

जुन्या कादंबऱ्यांना असं वाचन मानवतं, कारण त्या मुळात तशाच शिजल्या. नव्या कादंबऱ्यांचं काय? थोडं जपून सांगतो. भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' घेतली तेव्हा आम्ही पहिले काही आठवडे नुसते हसलो, आणि सगळे उदाहरणार्थ वगैरे तिच्या नायकासारखं, पांडुरंग सांगवीकरासारखं बोलू लागलो वगैरे. वाचनालयाच्या शिपायानंही एकदा "उदाहरणार्थ, कुलूप लावू का?" असं विचारलं. मग पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग आला. तो एका बैठकीत निम्म्यावर थांबवायचं ठरलं होतं, पण वाचणारा थांबला नाही, आणि नियमावर बोट ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घेतली तेव्हा वेगळीच अडचण. धरणामुळे उठलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस आणि तिला आणायला परत निघालेला माणूस. तिची बोली पन्हाळ्याच्या बाजूची. छापील पानावर आमच्यातले निम्मे अडखळले. एक-दोघांनी, अवघड आहे, राहू द्या, असंही सुचवलं. मग कोल्हापूरकडून इथं सुनेच्या घरी राहायला आलेल्या एका आजोबांना आम्ही बोलावून आणलं. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी पान हातात घेतलं, दोन ओळी मनात पुटपुटले आणि सुरू झाले. जे वाक्य मला तीनदा वाचूनही कळलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडून आलं आणि म्हैस समोर उभी राहिली. आता ते आमचे कायमचे सभासद आहेत. इतरांच्या वाचनातल्या चुकाही काढतात.

सगळंच गोड आहे असं नाही. एक गाजलेली कादंबरी आम्ही चौथ्या आठवड्यात सोडली. नाव सांगत नाही. सलग वाचली असती तर वेगात खपून गेली असती. आठवडाभर मनात ठेवायची म्हटल्यावर ठेवण्यासारखं काही सापडेना. लोक पात्रांची नावंही विसरतात, त्यासाठी आम्ही फळ्यावर घराण्याचं झाड काढून ठेवतो. आणि प्रस्तावना! आपल्याकडच्या जुन्या कादंबऱ्यांच्या विद्वान प्रस्तावनांत सबंध कथानक, शेवटासकट, सांगून टाकलेलं असतं. त्या आम्ही शेवटच्या शनिवारी वाचतो.

तुम्हाला घरी करायचं असेल तर फार काही लागत नाही. अर्धा तास वाचन, अर्धा तास बोलणं, आणि एकच प्रत. प्रत्येकाच्या हातात पुस्तक असलं की डोळे पुढे पळतातच.

येत्या शनिवारी वाचायची पाळी आमच्या पोस्टमास्तरांची आहे. सरावासाठी पुस्तक घरी हवं, असा त्यांनी आग्रह धरला. ग्रंथपालबाईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी फक्त या आठवड्याचं प्रकरण मोकळं ठेवलं, पुढची सगळी पानं सुतळीनं आवळून बांधली आणि गाठीवर कागदी पट्टी चिकटवून वाचनालयाचा शिक्का मारला. पोस्टमास्तरांनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, गाठ बोटानं चाचपली आणि म्हणाले, "लाख लावायची राहिली."