ओस्टरलार्सचं गोल चर्च: आधी ते छप्पर डोळ्यांसमोरून काढा

नमस्कार मंडळी! त्या पांढऱ्या गोल चर्चचा फोटो टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न, "दादा, हे चर्च आहे की बुरूज?" दोन्ही. डेन्मार्कचं बॉर्नहोम बेट, गाव ओस्टरलार्स, काळ बाराव्या शतकाच्या मध्याचा. शैली रोमानेस्क, म्हणजे जाड भिंती, अर्धगोल कमानी, बारक्या खिडक्या. तळमजल्यावर प्रार्थना, मधल्या मजल्यावर आसरा आणि सामान, वर पहारा. झालं, पुढे.

माझं डोकं फिरतं ते त्या काळ्या शंकूवरून. जो तो त्याचंच कौतुक करतो. अहो, ते छप्पर कित्येक शतकांनंतरचं आहे! मूळ माथा सपाट आणि उघडा होता, कडेला कठडा, असं बहुतेक जाणकार मानतात. आता तुम्हीच पहारेकरी व्हा. बाल्टिक समुद्रापलीकडून वेंड लोकांची, म्हणजे तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्लाव्ह टोळ्यांची, लुटारू जहाजं येताहेत आणि तुमच्या डोक्यावर उतरतं छप्पर. समुद्र दिसणार कसा? बरं, आता शत्रूच्या बाजूने बघा. वर एवढं लाकूड दिसलं की तो पेटता बाण मारणारच ना? तरीही पटत नसेल, तर व्हिडिओ थांबवा, फोटोतला शंकू अंगठ्याने झाका. उरला तो किल्ल्याचा बुरूज. भिंतींना टेकलेले ते तिरके, अवाढव्य दगडी आधारसुद्धा नंतरचेच, तेही वगळा.

वेंडांचा आर्कोना हा किल्ला 1168 मध्ये डेन्मार्कचा राजा पहिला वाल्देमार आणि बिशप अब्सालोन यांनी घेतला, तेव्हा कुठे या भागातली ही धास्ती ओसरू लागली.

आणि हो, "टेम्पलर योद्ध्यांनी (धर्मयुद्धांतल्या ख्रिस्ती लढवय्या संन्याशांनी) बांधलं, खजिना पुरलाय" म्हणणाऱ्यांनो, एक तरी जुना कागद दाखवा! मग दुसरा भाग काढतो. तसा खजिना बघायचाच असेल, तर आत मधोमध जाडजूड खांब आहे. तो पोकळ आहे! सहा कमानींनी उघडलेला, आत छोटी खोली. वरची कमानदार छत कड्यासारखी या खांबाभोवती फिरते, एक टेकू खांबाचा, दुसरा बाहेरच्या भिंतीचा. खांबावर मध्ययुगीन भित्तिचित्रं आहेत, येशूच्या आयुष्यातले प्रसंग. त्यावर मात्र कुणाची कमेंट नाही.

"घंटा कुठे टांगलीय?" विचारणाऱ्या ताई, चर्चमध्ये शोधू नका. बाजूला घंटाघर वेगळं उभं आहे.