नडगीतली माळ

[दृश्य : परशुराम घाट, पाऊस, वाहनांची रांग]

मुंबई-गोवा महामार्ग, चिपळूणच्या अलीकडे. पावसात इथे दुचाकी आडवी झाली की पाय खाली सापडतो. नडगीवर पुढून फक्त कातडी, मांसाचं पांघरूण नाही. हाड मोडलं की टोक सरळ बाहेर येतं, आणि रस्त्याकडेची माती आत जाते.

[दृश्य : ऑपरेशन थिएटर, जखम धुताना]

सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या होतायत. बादलीतलं पाणी लाल आहे ते रक्तानं कमी, जांभ्याच्या मातीनं जास्त. मेलेलं मांस काढलं जातंय. इथे हयगय झाली तर पुढचं सगळं फुकट.

शिरेतून अँटिबायोटिक रुग्ण आल्याआल्याच सुरू झालंय. ते बंद करायचं नाहीच. पण ते रक्ताबरोबर फिरणार, आणि इथल्या तर रक्तवाहिन्याच फाटल्यात. मग औषध हातानं नेऊन ठेवायचं.

[दृश्य : भांडं, क्लोजअप]

आता या भांड्याकडे बघा. सांधेबदलात वापरतात तेच बोन सिमेंट, 40 ग्रॅमचं पाकीट. यात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक कारखान्यातूनच मिसळून आलंय. वर व्हँकोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची 2 ग्रॅम पूड. एकट्या व्हँकोमायसिनला मातीतले सगळे जंतू दाद देत नाहीत, म्हणून जोडी. शिवाय सिमेंट आळताना चांगलंच तापतं. ही दोन्ही औषधं तो ताप सोसतात. सिमेंटसोबतचा द्रव ओतला की उग्र वास सुटतो. मास्कवरचे सिस्टरचे डोळे बारीक झालेत ते त्यामुळे.

हातमोज्याला चिकटेनासं झालं की घाई सुरू. चिमटीएवढा गोळा, तारेभोवती वळायचा, पुढचा घ्यायचा. काही मिनिटांत सगळ्याचा दगड होतो. तारेवर तयार झालेली ही बोरमाळ जखमेत बसते, वरून पारदर्शक चिकट पडदा. जखमेतलं पाणी औषधासकट आतच राहतं. पहिले काही दिवस औषध भरपूर झिरपतं, मग ओसरतं. पुढच्या ऑपरेशनला तार ओढून माळ काढतात.

कल्पना नवी नाही. सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याचं काम जर्मनीत बुखोल्झ यांनी 1970 च्या सुमारास मांडलं, तेही कृत्रिम सांध्यांसाठी. मणी नंतर आले.

[दृश्य : आकडे पडद्यावर]

1995 मध्ये अमेरिकेतून 1085 उघड्या फ्रॅक्चरचा आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या शिरेतल्या औषधावर जंतुसंसर्ग 12 टक्के, जोडीला मणी असताना 3.7. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, एवढं ध्यानात ठेवून हे आकडे वाचायचे. हाडात पू झाला तर ऑपरेशनांमागून ऑपरेशनं, कधी पायच जातो.

[दृश्य : रुग्णवाहिका, कुंभार्ली घाट]

जखमेवर मांस-कातडी आणून बसवायला प्लास्टिक सर्जन लागतो, म्हणून रुग्ण कराडला निघालाय. माळ पायातच आहे, घाट चढतानाही तिचं काम चालू आहे. ती वळायला मोठं शहर लागलं नाही. जिथे सांधेबदल होतात, तिथे हे सिमेंट आणि ही पूड सहसा कपाटात असते.