टायरमधला सोडा

(पडद्यावर: लाल दगडाची उभी चढण, तिच्यावर जीप. पहिले काही क्षण फक्त इंजिनाचा आवाज.)

हे अमेरिकेतल्या यूटा राज्यातलं मोआब. कोलोरॅडो नदीच्या काठचं लहानसं गाव. गावाच्या पूर्वेला सँड फ्लॅट्सचा हा दगड पसरलाय. डायनोसॉरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या, थिजून दगड झालेल्या. इथले लोक याला ‘स्लिकरॉक’ म्हणतात, निसरडा खडक. नाव घोड्यांच्या जमान्यातलं आहे. लोखंडी नाल यावरून घसरायचे.

रबर घसरत नाही. रबराला हा दगड पॉलिश पेपरसारखा धरतो. फक्त टायर मऊ हवा.

(टायर जवळून. पिन निघते, हवेचा फूत्कार.)

डांबरी रस्त्यावरून ३५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप) आलेली गाडी वाट सुरू होण्याआधी इथं थांबते. चारी टोप्या निघतात, व्हॉल्व्हच्या पिना निघतात. हवा १५ ते १८ पर्यंत उतरते. टायर खाली बसतो, पोट सुटल्यासारखा दिसतो. आपल्याकडचा पंक्चरवाला हे बघून आधी खिळा शोधायला लागेल. पण आता जमिनीला टेकणारा रबराचा पट्टा लांब झालाय. दगडाचा कंगोरा त्यात रुततो. चाक जागच्या जागी गरगरत नाही, दगड खरवडत नाही, आणि आत बसलेल्यांची हाडंही शाबूत राहतात.

१९६७ पासून दर ईस्टरला इथं जीपवाल्यांचा मेळा भरतो. त्या गर्दीत हवा न काढताच दगडावर चढणारेही दिसतात. कारण विचारा, उत्तर ठरलेलं: ‘परत भरायची कोणी?’

(१२ व्होल्टचा छोटा कंप्रेसर, घरघर. बॉनेट उघडं. गाडीला टेकून उभे असलेले दोघं.)

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ३५ इंची टायरचं पोट शंभर-सव्वाशे लिटरचं. बॅटरीला लावलेला हा लहान कंप्रेसर चार टायर भरायला अर्धा तास सहज खातो. शिवाय तापला की मध्येच बंद. दिवसभर दगड चढून आलेल्या माणसाला संध्याकाळी ही घरघर नको असते.

(अॅल्युमिनियमची टाकी. हात नळी उलगडतो.)

त्यावरचं हे उत्तर. १० पौंडांची, म्हणजे साडेचार किलो गॅस मावणारी टाकी. आत कार्बन डायऑक्साइड आहे. गोटी सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच.

यात गंमत अशी की आत नुसता गॅस नसतो, द्रव असतो. २० अंश सेल्सिअसला, सुमारे ५७ बार म्हणजे ८३० पीएसआय दाबाखाली, कार्बन डायऑक्साइड पाण्यासारखा पातळ होऊन राहतो. टाकीच्या साडेसहा लिटरच्या पोटात असा मावतो सुमारे अडीच हजार लिटर गॅस. त्याच टाकीत त्याच दाबानं साधी हवा कोंबली, तर ती पावणेचारशे लिटरच्या आसपास भरेल. सारा फरक या द्रवाचा.

वरून जेवढा गॅस काढाल, तेवढा द्रव खाली उकळतो आणि जागा भरून काढतो. शेवटचा थेंब आहे तोवर दाब जवळपास तसाच. म्हणून टाकीवरच्या काट्यावरून किती उरलंय ते कळत नाही. वजन करावं लागतं, घरातला गॅस सिलिंडर हलवून अंदाज घेतो तसं.

(रेग्युलेटर. चक्ती फिरते. नोझल व्हॉल्व्हवर बसतं.)

टाकीचा दाब थेट टायरला दिला तर टायर उरणार नाही. मध्ये रेग्युलेटर आहे, तो दाब १०० ते १५० पीएसआयवर उतरवतो. आता काटा बघा. पंधरा… वीस… पंचवीस… तीस. एक टायर, मिनिटभरात. टायरमागे पाव किलोपेक्षाही कमी गॅस लागतो, म्हणजे पूर्ण गाडीला किलोभर. एका भरणीत चार-पाच फेऱ्या निघतात. टाकी परत भरून मिळते वेल्डिंगच्या गॅसवाल्यांकडे.

(टाकीवर पांढरं बर्फ साचतंय. बोट त्यावर रेघ ओढतं.)

हे बर्फ बघा. उकळायला उष्णता लागते, आणि ती द्रव टाकीच्याच अंगातून ओढून घेतो. म्हणून बाहेरच्या हवेतली वाफ टाकीवर गोठते. घाई करून सलग चारी टायर भरले तर रेग्युलेटरही गोठून अडतो. जाणकार दोन टायरांमध्ये जरा गप्पा मारतात. टाकी उभीच ठेवायची. आडवी केली तर नळीतून द्रव येतो, आणि तो उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ होऊन बाहेर पडतो.

(दरीचं दृश्य, सावल्या लांब झालेल्या.)

बंद गाडीत टाकी गळली तर हा गॅस हवेपेक्षा जड, बिनवासाचा आणि गुदमरवणारा. तीव्र उन्हातल्या गाडीत टाकीचा दाब चढत जातो. सुरक्षेची चकती फुटते ती म्हणूनच. हवामानाचं विचाराल, तर किलोभर गॅस म्हणजे अर्ध्या लिटरहून कमी पेट्रोलचा धूर. आणि वाट सोडून बाजूच्या मातीवरल्या काळसर, जिवंत थरावर चाक गेलं, तर तो थर भरून यायला कित्येक वर्षं लागतात; तिथं टाकीचा काहीच उपयोग नाही.

(चौथा टायर. व्हॉल्व्हवर टोपी बसते.)

टायरात गेलेला कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर पाझरतो. पुढच्या आठवड्यात गेज लावून बघायला हवं, तेवढंच.

टाकी पट्ट्यानं आवळली. नळी गुंडाळली. ही गाडी आता ३० वर आहे.

(सँड फ्लॅट्सचा रस्ता. मागच्या दिव्यांचे दोन लाल ठिपके. निवेदन इथं थांबतं, आवाज फक्त टायरांचा.)