मेपल, पाक आणि व्याधी

मित्रहो, आजच्या विषयाचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं की माणूस गोंधळतो. ‘मेपल सिरप युरिन डिसीज’. एक झाड, एक गोड पदार्थ आणि लघवी, तिन्ही एकाच रोगाच्या नावात! डॉक्टरमंडळी ‘एमएसयूडी’ एवढंच म्हणतात. पण ते लांबलचक नाव एकदा नीट उलगडून बघावं असं मला वाटतं. ज्यांनी या रोगाचं पहिलं वर्णन केलं, त्यांच्या हाती त्या वेळी मुख्य खूण होती ती वासाची.

आधी झाडाकडे जाऊ. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात साखर-मेपल नावाचा वृक्ष वाढतो. हिवाळा सरताना रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं, त्या दिवसांत खोडाला भोक पाडलं की आतून रस ठिबकतो. तिथल्या आदिवासी समाजांना ही विद्या युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून ठाऊक होती. हा रस पाण्यासारखा पातळ असतो, त्यात साखर जेमतेम २ टक्के. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. महत्त्वाची गोष्ट अशी की ताज्या रसाला तो प्रसिद्ध सुगंध जवळजवळ नसतोच. रंग आणि वास दोन्ही आटवताना तयार होतात.

‘सिरप’ हा शब्द मूळचा अरबी ‘शराब’पासून लॅटिनमार्गे युरोपात गेला. अरबीत त्याचा अर्थ साधाच, प्यायची गोष्ट. आपलं ‘सरबत’ त्याच धातूतून आलं. पुढे कडू औषध ज्या पाकात मिसळून देतात त्यालाही हाच शब्द चिकटला. म्हणजे आजाराशी सिरपचं नातं जुनं आहे, पण ते औषधाच्या बाजूनं. या एका रोगात मात्र ते लक्षण होऊन बसलं आहे.

लघवीवरून रोगाला नाव देणं आपल्याला नवीन नाही. ‘मधुमेह’ हा शब्द आपण रोज वापरतो. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धावतात हे निरीक्षण चरकसंहितेत आहे. पण फरक लक्षात घ्या. मधुमेहात लघवीत खरोखरच साखर असते. एमएसयूडीमध्ये साखरेचा काही संबंध नाही, बिघाड आहे तो प्रथिनांच्या पचनानंतरच्या प्रवासात. नावातल्या गोडव्यामुळे पुष्कळ लोकांना हा मधुमेहाचाच प्रकार वाटतो. तो गैरसमज इथेच सोडून देऊ.

१९५४ साली बॉस्टनमध्ये जॉन मेंकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच कुटुंबातल्या चार बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. चारही बाळं जन्मली तेव्हा ठीक दिसत होती आणि चारही पहिल्या तीन महिन्यांत दगावली. मेंदू झपाट्यानं खचत गेला होता आणि लघवीला मेपलच्या पाकाचा वास येत होता. १९५७ मध्ये रक्तात आणि लघवीत तीन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, साचलेली आढळली: ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन. काही वर्षांतच बिघाडाची नेमकी जागाही कळली. वासाचं कोडं मात्र १९९९ पर्यंत राहिलं. त्या वर्षी रुग्णांच्या लघवीत सोटोलोन नावाचं संयुग सापडलं. मेपलच्या पाकाला वास देणाऱ्या संयुगांपैकीच ते एक. म्हणजे ४५ वर्षांपूर्वी दिलेली उपमा ही नुसती उपमा नव्हती, ते अचूक निरीक्षण होतं.

हेच सोटोलोन मेथीच्या दाण्यांतही असतं. बाळंतपणाच्या सुमारास आईनं मेथी खाल्ली आणि निरोगी बाळाच्या अंगाला तसाच वास आला, त्यावरून डॉक्टरांना या रोगाची शंका आली, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. नाक खूण देतं, निदान करत नाही.

आता आत काय घडतं ते पाहू. ही तिन्ही अमिनो आम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. गरजेपेक्षा जास्त झालेली शरीर टप्प्याटप्प्यानं मोडतं. पहिला टप्पा या मुलांतही नीट चालतो. दुसऱ्या टप्प्याचं एन्झाइम, म्हणजे ती मोडतोड घडवणारं प्रथिन, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, असतं, ते अनेक घटकांचं बनलेलं आहे आणि त्याला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मदतीला लागतं. ते एन्झाइम इथे निकामी किंवा अपुरं असतं. मग मागचं सगळं तुंबतं. यात सर्वांत घातक ल्युसीन. रक्तातून मेंदूत जायला अनेक अमिनो आम्लांना एकच दार आहे. ल्युसीनची तिथे इतकी गर्दी होते की मेंदूला हवी असलेली बाकीची आम्लं बाहेरच राहतात. त्यातच मेंदूला सूज येते.

पोटात असताना बाळाचा भार आईचं शरीर वाहतं, म्हणून जन्मतः काही दिसत नाही. त्यानंतर घड्याळ सुरू होतं. तीव्र प्रकारात १२ ते २४ तासांत कानातल्या मळाला तो वास येऊ लागतो. दोन-तीन दिवसांत बाळ दूध ओढेनासं होतं, किरकिरतं. चौथ्या-पाचव्या दिवशी सुस्ती येते, श्वास मध्येच थांबतो, अंग धनुष्यासारखं ताठतं, हातपाय सायकल चालवल्यासारखे हलतात. उपचार न झाल्यास सात ते दहा दिवसांत बाळ बेशुद्धीत जातं. आता मला सांगा, नवजात बाळाच्या कानातल्या मळाचा वास कोण घेतं? वास ओळखू आला तोवर मेंदूला इजा सुरू झालेली असू शकते. म्हणून माझं ठाम मत आहे की रोगाच्या नावावर विसंबून वासाची वाट पाहणं हा या बाळांवर अन्याय आहे. टाच टोचून कागदावर घेतलेले रक्ताचे काही थेंब जन्मानंतर एक-दोन दिवसांत तपासले तर लक्षणांच्या आधी रोग पकडता येतो. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वस्तुमान सारखंच असल्यानं यंत्र दोघांची बेरीज सांगतं. ती जास्त आली की पुढच्या तपासणीत ॲलोआयसोल्युसीन, म्हणजे आयसोल्युसीनचंच थोडं वेगळ्या रचनेचं रूप, शोधतात. ते ठरावीक पातळीच्या वर सापडलं की निदान पक्कं.

रोग विरळा आहे, जगात साधारण १,८५,००० जन्मांमागे एक. आईवडील दोघंही वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे पण स्वतः निरोगी, असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या जुन्या वळणाच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या समाजात हेच प्रमाण सुमारे ३८० मागे एक इतकं वाढतं, कारण थोड्या पूर्वजांतून तो समाज वाढला आणि एकच जनुकदोष पिढ्यान्‌पिढ्या पसरला.

नावात मेपल असलेला आणखी एक आजार आहे, आणि तो मात्र झाडामुळेच होतो. मेपलच्या सालीखाली वाढणाऱ्या एका बुरशीचे बीजाणू श्वासातून गेले की फुप्फुसांना सूज येते. मिशिगनमध्ये मेपलच्या ओंडक्यांची साल काढणाऱ्या कामगारांमध्ये तो आढळला, १९३२ साली त्याचं वर्णन छापून आलं. शिवाय युरोपातल्या सिकामोर मेपलच्या बियांत हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, ते खाऊन कुरणातले घोडे मरतात. अभ्यासकाला थबकायला लावणारी गोष्ट ही की ते विष शरीरात ज्या एन्झाइमांना अडवतं त्यांत ल्युसीनच्या मोडतोडीच्या पुढच्याच टप्प्याचं एन्झाइमही आहे.

उपचाराकडे येतो. १९६०च्या दशकात सेल्मा स्नायडरमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आहार बांधून दाखवला: ही तीन आम्लं वगळलेलं खास दूध, आणि जगण्या-वाढण्यापुरतं मोजून नैसर्गिक प्रथिन. ल्युसीन शून्यावर आणता येत नाही, वाढ खुंटते. आयसोल्युसीन आणि व्हॅलिन फार कमी झाली तर ती उलट वेगळी द्यावी लागतात. हे तोलणं आयुष्यभराचं आहे. सर्वांत अवघड दिवस तापाचे. मूल काही खात नसलं तरी शरीर स्वतःचे स्नायू मोडतं आणि ल्युसीन आतूनच वर चढतं. म्हणून हे पालक रुग्णालयासाठी एक आणीबाणीचं पत्र जवळ बाळगतात: नैसर्गिक प्रथिन तात्पुरतं थांबवा, भरपूर ऊर्जा द्या, ल्युसीन तातडीनं तपासा. ते पत्र दाखवणाऱ्या आईला रांगेत बसवू नका, एवढं मी इथल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला हात जोडून सांगतो.

यकृत बदललं तर मूल साधं जेवण जेवू शकतं. शरीरातल्या या एन्झाइमच्या एकूण कामापैकी यकृताचा वाटा सुमारे दहावा भागच, पण तेवढा पुरतो. आणि या मुलाचं काढलेलं यकृतही वाया जात नाही. ते दुसऱ्या एखाद्या रुग्णाला बसवतात, त्याच्या स्नायूंत आणि इतर अवयवांत एन्झाइम शाबूत असल्यानं त्याला हा रोग होत नाही. मात्र पहिल्या आठवड्यात मेंदूची जी हानी होऊन गेली, ती नवं यकृत भरून काढू शकत नाही.